पाचच मिनिटांचं तर काम आहे!

गेल्या डिसेंबरात आमच्या यार्डात, खाद्याच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटला. नवीन दरपत्रक. कुरणातून घोडा आत आणणे, अडीच पौंड. झूल बदलणे, एक पौंड. नालबंद आल्यावर घोडा धरून उभं राहणे, दहा पौंड. दुपारपर्यंत खाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं होतं : 'आणि श्वास घ्यायचे किती?'

सगळे हसले. मीही हसले.

आधी थोडं समजावून सांगते, कारण 'लिव्हरी यार्ड' म्हटलं की आपल्याकडे कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते, दिवसभर कोड लिहिते. इथे घोडा असलेल्या बहुतेकांकडे स्वतःचा तबेला नसतो. मग ते घोडा दुसऱ्याच्या जागेत ठेवतात आणि आठवड्याचं भाडं भरतात. थोडक्यात, घोड्यांचं पीजी. फक्त खोली आणि कुरण घ्या, बाकी लीद काढण्यापासून सगळं स्वतः करा, हा स्वस्तातला प्रकार. किंवा 'फुल लिव्हरी' घ्या, म्हणजे मेस, साफसफाई, सगळं आलं. मराठी माणसाला आणखी सोपं करून सांगायचं तर पहिल्या प्रकारातले शिलेदार, स्वतःचा घोडा स्वतः सांभाळणारे. (बारगीर म्हणजे मी. बिस्किट नावाचा एक ठेंगणा, जाडजूड घोडा आहे, त्याच्या मालकिणीला मी आठवड्याचा वाटा देते आणि तीन दिवस तो माझा असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलीने सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी जे पाहून हट्ट धरला, तो हट्ट इथे असा हप्त्याहप्त्याने पुरा होतोय.)

भांडण आहे ते मधल्या जागेवरून. शिलेदाराला ऑफिसात उशीर झाला, ट्रेन रद्द झाली, मूल आजारी पडलं, की त्याला एखादं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. त्याचे पैसे द्यायचे का, किती, आणि कुणाला?

त्या कागदावर हसले त्याच आठवड्यात माझा एक कॉल लांबला. मी यार्डातल्या मुलीला मेसेज केला : 'बिस्किटला जरा आत घेशील का? पाचच मिनिटांचं काम आहे.' साडेपाचला पोचले. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. कपाळावर दिवा बांधून ती घोटाभर चिखलातून सहावा घोडा ओढत आणत होती. तिची ड्युटी चारला संपलेली. बाकीच्या पाच जणांनाही पाचच मिनिटांचंच काम होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते दुसऱ्याच कारणाने. हे वाक्य मी ओळखते. 'एक छोटासा बदल आहे, फक्त एक बटण वाढवायचंय, पाच मिनिटांत होईल ना?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक क्लायंटला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. त्या बटणापायी माझे शनिवार गेलेत. आणि तेच वाक्य मी माझ्याहून आठ वर्षांनी लहान मुलीला टाइप करून पाठवलं होतं, वर स्मायली टाकून.

पुढच्या शनिवारी मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. दोरी घेऊन कुरणाच्या फाटकापर्यंत चालत जाणं. फाटकाशी गर्दी करून उभ्या असलेल्या चौघांना बाजूला सारून नेमका आपला घोडा बाहेर काढणं, बाकीचे निसटू न देता. परत चालत येणं. पायांचा चिखल धुणं, खुरांत अडकलेले दगड काढणं. ओली झूल काढून कोरडी घालणं, पट्टे नीट बसले का बघणं. पाणी आहे का, गवताची जाळी भरलीय का बघणं. सतरा मिनिटं. तेही बिस्किट हा फार शहाणा घोडा आहे म्हणून.

आता हिशोब. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात इथलं कायदेशीर किमान वेतन २१ आणि त्यावरच्या वयाला तासाला १२.२१ पौंड होतं, १८ ते २० वयाला १० पौंड. ती मुलगी १९ वर्षांची. म्हणजे सर्वात कमी दर धरला तरी सतरा मिनिटांचे २ पौंड ८३ पेन्स होतात. दरपत्रकात अडीच. २१ च्या पुढचं माणूस घेतलं आणि पगारी सुट्ट्या, पेन्शन धरली तर तासाचा खर्च १४ पौंडांच्या घरात जातो, म्हणजे याच कामाचे जवळजवळ चार पौंड. ज्या कागदावर आम्ही लूट म्हणून हसलो, तो मुळात तोट्याचा कागद होता.

यावर यार्डात मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं, 'अगं, या पोरी घोड्यांच्या प्रेमापोटी करतात.' हे वाक्य ज्या कामाला लागतं त्या कामाचे पैसे बुडतात, हे आपल्याला अंगणवाडीपासून स्वयंपाकघरापर्यंत ठाऊक आहे. प्रेम आहे ते घोड्यावर आहे. माझ्या लांबलेल्या कॉलवर ती का प्रेम करेल?

दुसरं उत्तर मात्र झटकून टाकता येत नाही. 'भाडं कमी दाखवायचं, माणूस आला की प्रत्येक गोष्टीचे वेगळे लावायचे.' हे खरं आहे. पुण्यात पीजीत राहिलेल्या प्रत्येकाला गिझरचे वेगळे, वॉशिंग मशीनचे वेगळे हा प्रकार आठवेल. शेजारच्या यार्डापेक्षा स्वस्त दिसायचं म्हणून मूळ भाडं खाली ठेवायचं आणि मग बिलात खोगीरभरती करून वसूल करायचं. खोगिराच्या धंद्यातच खोगीरभरती!

पण मला त्या कागदावर राग आहे तो किमतीचा नाही, त्यातल्या एका ओळीचा आहे. झूल बदलणे, एक पौंड.

फेब्रुवारीत इथे अचानक एखादा उन्हाचा दिवस निघतो. रात्रीच्या थंडीसाठी घातलेली जाड झूल दुपारी अंगावर तशीच राहिली की घोडा आतून घामाने भिजतो. ऑफिसात बसलेला मालक विचार करतो, जाऊ दे, एक पौंड कशाला, संध्याकाळी मी जाणारच आहे. आता त्या मुलीने काय करायचं? पैसे मिळणार नाहीत म्हणून घाम बघत उभं राहायचं? ती झूल काढते. फुकट. रोज. म्हणजे दरपत्रकाने मालकाला घोड्याच्या घामावर पैसे वाचवायची सोय करून दिली आणि भुर्दंड तिच्या माथी मारला.

म्हणून माझं म्हणणं असं : घोड्याला ज्याची गरज आहे ते मूळ भाड्यात असलं पाहिजे, मग भाडं वाढलं तरी चालेल. पाणी, टाकीवरचा बर्फ फोडणं, हवामानाप्रमाणे झूल, दिवसातून दोनदा नीट बघणं, पोटदुखी दिसली की डॉक्टरला फोन. आणि मालकाच्या सोयीसाठी जे आहे, म्हणजे माझा कॉल, तुमची ट्रेन, नालबंदाची दुपारी दोनची वेळ, त्याचे वेगळे आणि पूर्ण पैसे. काही कामं या दोन्हींच्या मध्ये पडतात. धुळीने खोकणाऱ्या घोड्याचं गवत भिजवून द्यावं लागतं. मोठा घोडा दिवसाला दहा किलोच्या आसपास गवत खातो, आणि भिजलेली जाळी उचलून बघा एकदा. हे त्याच घोड्याच्या मालकाने भरावं, पण आठवड्याच्या ठरलेल्या रकमेत. दर जाळीमागे पैसे लावले की एखादी जाळी कोरडीच टांगली जाते.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. इंग्लंडमध्ये घोडे भाड्याने देणाऱ्या रायडिंग स्कूलला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, नुसते दुसऱ्यांचे घोडे ठेवणाऱ्या यार्डाला तो लागत नाही. २००६ चा प्राणी कल्याण कायदा जबाबदारी मालकावर टाकतो, आणि ज्याच्या ताब्यात जनावर तात्पुरतं का असेना आहे, त्याच्यावरही. म्हणजे दुपारी दोनला, दहा पौंड तासाने, त्या मुलीवर. ब्रिटिश हॉर्स सोसायटी लेखी करार करा म्हणून सांगते. आमच्याकडे करार म्हणजे तो दारावरचा कागद.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या लष्कराला लिहिलेलं पत्र आपण शाळेत रयतेला त्रास देऊ नका एवढ्यावर संपवतो. मूळ पत्र वाचा, ते बरंचसं घोड्यांच्या खाण्याच्या हिशोबाचं आहे. पागेचं दाणा-गवत आताच बेहिशेबी उडवलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग तुमची माणसं कुणब्याच्या घरात शिरतील. जिथे हिशोब ठेवला जात नाही तिथे तो सगळ्यात कमी ताकदीचा माणूस फेडतो, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी पागेच्या बाबतीत कळलेलं होतं.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सर्वात जास्त टोचतो. ते अडीच पौंड जातात कुठे? यार्डाच्या खात्यात. ती चारनंतर थांबली याची नोंद कुठेच नाही, त्यामुळे तिच्या पगारात ते येत नाहीत. मी पैसे भरले, माझं मन स्वच्छ झालं, तिचा चिखल तेवढाच. जादा कामाचे पैसे जादा तास म्हणून तिच्या पगारपत्रकात दिसत नसतील, तर त्या दराला रास्त म्हणण्यात काही अर्थ नाही.

हे सगळं घेऊन मी यार्डाच्या मालकीणबाईंकडे गेले. त्याही काही गब्बर नाहीत, जमीन भाड्याची, गवत दर हिवाळ्यात महाग. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. झूल, बर्फ, देखरेख मूळ भाड्यात घेतली तर आठवड्याला नऊ पौंड वाढवावे लागतील, म्हणाल्या, आणि तिघी जणी सोडून जातील. मी म्हटलं, माझ्या वाट्याचे मी देते. त्या म्हणाल्या, तू तर घोड्याची मालकीणही नाहीस.

झुलेची ओळ मात्र त्यांनी खोडली. भाडं चार पौंडांनी वाढलं, एक जण सोडून गेली. कागदाशेजारी आता एक वही दोरीने बांधलेली आहे. चारनंतर केलेलं प्रत्येक काम ती मुलगी त्यात मिनिटांसकट लिहिते आणि महिनाअखेरीस ते तास तिच्या पगारात धरले जातात. परवा माझ्या नावापुढे दोन नोंदी होत्या. सतरा. एकोणीस, आणि कंसात : 'बिस्किट चिखलात लोळला.'