हेडफोनची पारख

कोणता हेडफोन घ्यावा, हा प्रश्न हल्लीं बहुतेक घरांतून निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा घरांतील सर्वांत धाकटा मनुष्य देतो. त्यास रंग व किंमत तोंडपाठ असते; परंतु ही वस्तु दोन-दोन तास कानावर राहावयाची आहे, ही गोष्ट त्याच्या हिशेबांत नसते. संस्कृतांत कानावर खोंवावयाच्या फुलास कर्णपूर म्हणत. तें कोमेजलें कीं टाकून देतां येई. हेडफोनच्या बाबतींत कोमेजण्याचा संभव कानाचाच अधिक. म्हणून पारख जरा कसोशीनें करावी.

सोनी कंपनीनें १९७९ सालीं वॉकमन बाजारांत आणला आणि त्याबरोबर हलका हेडफोन जगभर पसरला. त्याच वळणाचा, अमेरिकेंतील कॉस कंपनीचा ‘पोर्टा प्रो’ १९८४ सालीं निघाला, आणि चाळीस वर्षें उलटल्यावरहि तो जवळजवळ त्याच रूपांत विकला जातो. धातूची पातळ पट्टी, कानावर स्पंजाच्या गोल गाद्या, आणि कानाच्या किंचित् वर कानशिलावर टेकणाऱ्या दोन लहान गाद्या, अशी त्याची रचना आहे. या लहान गाद्यांमुळें सारा भार कानाच्या पाळीवर न पडतां वांटला जातो. चष्मा लावणाऱ्यांस या सोयीचें मोल चटकन् कळेल. दोष एवढाच कीं, पट्टीचे पदर एकमेकांवर सरकतात व त्यांत केस अडकतात. लांब केसांच्या स्त्रियांनीं हें ध्यानांत ठेवावें. आवाज गोड व भरदार. तबल्याचा बायां मात्र वाजतो त्याहून थोडा फुगून येतो.

याच्या उलट प्रकृतीचा हेडफोन म्हणजे सोनीचाच ‘७५०६’. हा १९९१ सालचा असून ध्वनिमुद्रणाच्या जागीं काम करणारी मंडळी तो अद्यापि वापरतात. घडी होते खरी, पण वजन सुमारें २३० ग्रॅम, आणि वळ्यांची लांब तार. तेव्हां खिशांत घालण्याची वस्तु ही नव्हे. तो कान पूर्ण झांकतो. तंबोऱ्याची जवारी आणि गायकाचा श्वास त्यांतून निराळा ऐकूं येतो. परंतु ‘स’ आणि ‘श’ हे वर्ण जरा धारदार लागतात, आणि वैशाखांत कानाला घाम फुटतो.

टिकाऊपणाच्या बाबतींत आमच्या हवेचा विचार कोणी विक्रेता सांगत नाहीं. मोठ्या हेडफोनच्या गाद्यांवर जें कृत्रिम चामडें असतें, त्यांत बहुधा पॉलियुरेथेन असतें. ओलावा व उष्णता यांनीं तें विघटन पावतें आणि काळे पापुद्रे कानाला चिकटूं लागतात. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत हें लवकर घडतें. म्हणून गाद्या स्वतंत्र मिळतात कीं नाहीं, हें आधीं विचारावें. तार तुटते ती प्रायः टोंकाशीं, ओढून काढण्याच्या संवयीमुळें. कुशल कारागीर ती जोडून देऊं शकतो. बिनतारी जोडींतील विद्युत्घट मात्र वर्षागणिक क्षीण होतो, आणि कानांत बसणाऱ्या इवल्याशा गोळ्यांत तो बदलण्याची सोय सहसा नसते. इतक्या किंमतीची वस्तु दोन-चार वर्षांत निकामी व्हावी, हें आम्हांस पटत नाहीं.

आतां महत्त्वाचें. स्पंजाच्या उघड्या हेडफोनमधून बाहेरचा गलबला आंत येतो. घरांत हा गुणच आहे. स्वयंपाकघरांतून मारलेली हांक ऐकूं येते. (शेजारीं अभ्यास करणाऱ्यास आपलें गाणें ऐकूं जातें, हा मात्र त्याचा जाच.) पण तोच हेडफोन लोकल गाडींत लावला, तर गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं मनुष्य नकळत आवाज चढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणें ८० डेसिबल आवाज प्रौढ माणसानें आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांस ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला अवघे चार तास उरतात! रोज दोन तास प्रवास करणारा कॉलेजचा मुलगा हे चार तास मंगळवारींच संपवितो. अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी एकदां नष्ट झाल्या कीं माणसांत त्या पुन्हां उगवत नाहींत.

यास्तव प्रवासाकरितां कान झांकणारा किंवा कानांत घट्ट बसणारा, अथवा गोंगाट शोषून घेणारा हेडफोन घ्यावा. हा शेवटचा प्रकार गाडीची संथ घरघर चांगली दाबतो, माणसांचें बोलणें तितकेंसें नाहीं. रस्ता ओलांडतांना यांतील कोणताहि कानावर नसावा.

आमच्या घरीं माजघरांत उघडा हेडफोन खुंटीस टांगलेला असतो आणि झांकणारा प्रवासाच्या पिशवींत. दुकानांत पारख करतांना आपल्या परिचयाचें एखादें ध्वनिमुद्रण बरोबर न्यावें, चष्मा न काढतां वीस मिनिटें ऐकावें, आणि दुकानदार घाई करूं लागल्यास दुसरें दुकान पाहावें.