विश्लेषण : रिकामे काडतूस घरी पुन्हा भरणे जीवघेणे का ठरू शकते?

वापरलेल्या काडतुसात घरीच पुन्हा दारू भरणे हा अमेरिकेत अनेकांचा छंद आहे. त्याचे व्हिडीओ अंधेरी-बोरिवलीतल्या मोबाइलवरही सहज दिसतात. भारतात मात्र परवान्याशिवाय असे करणे गंभीर गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी दारूच्या मापातली किरकोळ चूक शस्त्र हातातच फोडू शकते.

काडतुसात काय असते?

पितळी कवच, तळाशी प्रायमर, आत धूररहित दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की प्रायमर पेटतो, दारू जळून वायू तयार होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीबाहेर पडते. ९ एमएम काडतुसासाठी या दाबाची मान्य कमाल मर्यादा ३५ हजार पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षा हा दाब सुमारे हजारपट आहे.

चूक कुठे होते?

दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या काडतुसात अनेकदा अवघी ५-६ ग्रेन दारू असते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे निरुपयोगी. ग्रेन आणि ग्रॅम यांत गल्लत झाली, तर माप १५ पटींनी चुकते.

सर्वात घातक चूक म्हणजे एकाच कवचात दोनदा दारू पडणे. काही प्रकारची दारू इतकी कमी जागा घेते, की दुप्पट भरली तरी कवचात मावते आणि गोळी बसवल्यावर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच परदेशातले जाणकार टेबलावर एकाच प्रकारच्या दारूचा डबा ठेवतात, प्रमाणित वजनाने काटा तपासतात आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक कवचात उजेड टाकून पाहतात.

दारू कमी पडली तर?

तोही धोकाच. दारू नसेल, तर एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते. ३१ मार्च १९९३ रोजी ब्रूस ली यांचे पुत्र, अभिनेते ब्रँडन ली यांचा ‘द क्रो’च्या चित्रीकरणात मृत्यू झाला, तो असाच. खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसे बनवली होती. प्रायमर मात्र तसाच राहिला. नळीत अडकलेली गोळी पुढे आवाजी काडतूस झाडताच सुटली. रोज चित्रीकरण चालणाऱ्या गोरेगाव-अंधेरी पट्ट्यानेही हे लक्षात ठेवावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५नुसार दारूगोळा बनवण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. पिस्तूल बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. कलम २च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही ‘दारूगोळा’ ठरते. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

नेमबाजांचे काय?

१० मीटर प्रकारात हवेच्या दाबाने छर्रा सुटतो. दारूचा प्रश्नच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य जिंकले, त्यातल्या ०.२२ काडतुसाचे पेटते मिश्रण कवचाच्या कडेतच असते. ते पुन्हा भरण्याजोगे नसते.

परवानाधारकांनी काय करावे?

काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच, पावतीसह घ्यावीत. गंजलेली किंवा चेपलेली काडतुसे वापरू नयेत, घरी उघडूही नयेत. पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर दुसरी गोळी झाडू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून थांबावे, शस्त्र रिकामे करून जाणकाराकडून नळी तपासून घ्यावी. अडकलेल्या गोळीमागून दुसरी सुटली, तर नळी फुटू शकते.