धर्मश्रद्धा आणि व्यापार

आमच्या मावळांत, तळेगांवाजवळ इंदुरी येथें, कॅडबरी चॉकलेटाचा कारखाना आहे. आज मालक निराळे. परंतु या धंद्याचें मूळ १८२४ सालीं बर्मिंगहॅम येथें जॉन कॅडबरी यांनीं उघडलेल्या दुकानांत आहे. ते क्वेकर ख्रिस्ती होते. लोकांनीं दारू सोडावी म्हणून ते चहा, कॉफी व कोको विकीत. पुत्र जॉर्ज यांनीं पुढें बोर्नव्हिल येथें बागांसह घरें वसविलीं. मद्याचें दुकान मात्र येऊं दिलें नाहीं. श्रद्धा धंद्यास बळ देते, हें आम्हांस मान्य आहे. तथापि पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावर कोको गुलामासारख्या मजुरांकडून पिकविला जातो, हें १९०१ सालीं कानीं येऊनही खरेदी १९०९ पर्यंत चालूच राहिली! मधल्या काळांत चौकशी झाली, विनंत्या झाल्या, हें खरें. परंतु दारू नको हें ज्या श्रद्धेस दुकान उघडतांनाच उमगलें, तिला हा कोको नको हें ठरविण्यास आठ वर्षें कां लागावीं?