आधी श्वास, मग जिल्ह्याची चिठ्ठी



लेकरू विहिरीत पडले, फवारणीचे औषध प्याले, की आपण धावतो ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे पुष्कळदा हाती चिठ्ठी पडते, 'जिल्ह्याला न्या.' श्वास थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदू निकामी होऊ लागतो. जिल्ह्याचा रस्ता तासाभराचा. हा हिशेब जुळावा कसा?

मोठ्या माणसाचे बहुधा आधी हृदय बंद पडते. लेकराचा आधी श्वास जातो, मग हृदय. म्हणून तोंडावर मास्क धरून हाताच्या पिशवीने हवा देणे हा पहिला उपाय. त्याला मोठे यंत्र लागत नाही. लहान मापाचा मास्क आणि सरावाचा हात लागतो. जिल्ह्याला न्यावे लागेलच, पण श्वास चालू ठेवून.

खेड्यात हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोली पाहावी. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाचा अडलेला श्वास सुरू करायला शिकवले. बाळे वाचली. मग एमबीबीएस डॉक्टरला का जमू नये? दोष त्याच्या अकलेचा नाही. एकदा शिकलेले सरावाशिवाय काही महिन्यांत हातातून जाते. सराव करून घेणे सरकारचे काम आहे.

आम्ही उपकार मागत नाही. येत्या ग्रामसभेत ठराव करा: केंद्रात लहान मापाचे मास्क, पिशवी, भरलेला ऑक्सिजन हवा आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टर-नर्सचा सराव हवा. मग चार जण जाऊन पाहून या. पेरणीआधी आपण तिफण तपासतो. हा तर लेकराचा जीव आहे.