प्लगपॉइंट : कापड न विणणारा माग

भिवंडीत 'टोरंट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, दर महिन्याला विजेचं बिल पाठवणारी कंपनी. दुसरा, रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून सिनेमे उतरवून घ्यायची सोय. गंमत म्हणजे दोन्ही टोरंट शहरात जवळपास एकाच सुमारास रुळले. २६ जानेवारी २००७ ला टोरंट पॉवरने महावितरणची फ्रँचायझी म्हणून भिवंडीचं वीजवितरण हातात घेतलं. त्याच काळात बीएसएनएलच्या ब्रॉडबँडचा एक प्लॅन भलताच पॉप्युलर होता. रात्री २ ते सकाळी ८, कितीही डाउनलोड करा, फुकट! मग काय, डाउनलोड लावायचं, मॉनिटरचं बटण दाबायचं आणि ताणून द्यायची. सकाळी सिनेमा हजर.

पण खरंच फुकट? मॉनिटर बंद असला तरी खालचा डबा, ज्याला आपण सगळे सरसकट 'सीपीयू' म्हणतो, तो शंभरेक वॉट खात बसलेला असायचा. सहा तास म्हणजे ०.६ युनिट. महिनाभर रोज केलं तर १८ युनिटं. नेटच्या बिलात शून्य, विजेच्या बिलात १८. म्हणजे एका टोरंटवरून उतरवलेल्या सिनेमाचं तिकीट दुसऱ्या टोरंटच्या बिलात फाटत होतं.

आता रात्रीच्या प्लॅनची गरज उरली नाही. फायबर आल्यापासून अख्खा सिनेमा चहा होईपर्यंत उतरतो. सवय मात्र गेली नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वर्क फ्रॉम होम आलं आणि घराघरात एक टेबल, एक खुर्ची आणि कायम चालू असलेला एक कॉम्प्युटर असं छोटं ऑफिस थाटलं गेलं. ऑफिसला निदान रात्री कुलूप लागतं. याला तेही नाही.

चला, आजचा हिशेब मांडू. एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तास. साधा डेस्कटॉप नुसता बसून असताना ८० वॉट धरा, मॉनिटरचे २० धरा. झाले १००. तुम्ही त्यावर खरं काम करता दिवसाचे चार तास. उरलेले वीस तास तो तुमची वाट बघत बसतो. वीस तासांचे २ युनिट. म्हणजे दीड टनाचा एसी तासभर किंवा थोडा जास्तच चालेल एवढी वीज रोज नुसती वाट बघण्यात जाते. महिन्याला ६० युनिटं. सोपं जावं म्हणून युनिटला १० रुपये धरले तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३००. एवढ्यात एक बरा मोबाइल येतो, बॉस.

यात एक ग्यानबाची मेख आहे, ती म्हणजे स्लॅब. घरगुती बिलात पहिली १०० युनिटं सगळ्यात स्वस्त. १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास. ३०० च्या वर आणखी चढा. समजा तुमच्या घराचा बाकी सगळा वापर ९० युनिट आहे. कॉम्प्युटरच्या ६० युनिटांपैकी पहिली १० स्वस्तात बसतील. उरलेली ५० थेट महागड्या स्लॅबमध्ये जातील. त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क आहेच. म्हणजे फुकट गेलेलं युनिट हे नेहमी बिलातलं सगळ्यात महाग युनिट असतं. आणि वाचवलेलंही!

भिवंडीकरांना खरं तर हे शिकवायची गरज नाही. या गावाला यंत्र आणि वीज यांचं गणित पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. पॉवरलूमच्या कारखान्यात माग चोवीस तास चालतो, कारण तो चालला तरच कापड निघतं. कारागिराची मजुरी मीटरवर असते, विजेच्या नव्हे, कापडाच्या. सूत तुटलं की तो लगेच माग थांबवतो. सूत नसताना माग चालवत ठेवणारा कारागीर कुठल्या शेठने दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला असता? यंत्रमागाला वीजदरात सरकारी सवलत मिळते, तरीसुद्धा तिथे कुणी यंत्र उगाच फिरू देत नाही.

आणि याच घरातला, कदाचित याच कारखान्याच्या वर राहणारा मुलगा ठाण्याच्या किंवा ऐरोलीच्या ऑफिसला निघतो, तेव्हा घरी त्याचा कॉम्प्युटर कापड न विणता चालू असतो. फरक एवढाच, की मागाचा खडखडाट होतो आणि कॉम्प्युटरचा होत नाही. आवाज नाही म्हणजे खर्च नाही, असं आपण धरून चालतो.

भिवंडीने न दिसणाऱ्या खर्चाची किंमत चांगलीच मोजलीय. २००७ च्या आधी या भागात येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून जास्त विजेचे पैसे वसूलच होत नव्हते. काही तारांत जिरायची, काही आकड्यांवर जायची, काही बिलं थकायची. ज्या भागात गळती जास्त, त्या भागात भारनियमन जास्त, असं तेव्हा राज्यात धोरण होतं. त्यामुळे इमानदारीत बिल भरणाऱ्याच्या घरीही अंधार व्हायचा. फ्रँचायझीचा करार साधा होता : महावितरणकडून वीज घ्यायची, वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने बिलं वसूल करायची, आणि मधे जे गळेल ते फ्रँचायझीच्या खिशातून. देशातला हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग. मीटर बदलले गेले, केबल बदलल्या, आकडे उतरवले गेले. लोक चिडले, भांडले, मोर्चे निघाले. पण गळती निम्म्याहून खूप खाली आली. रस्त्यावरची गळती कंपनीने शोधली. उंबऱ्याच्या आतली शोधायला मात्र कुणी येणार नाही. ती मीटरच्या अलीकडची, म्हणजे आपली.

आता तुमची नेहमीची उत्तरं घेऊ या.

'सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो.' जुन्या हार्ड डिस्कच्या जमान्यात लागायचा. एसएसडी असेल तर दात घासून होईपर्यंत मशीन तयार असतं. तेवढाही धीर नसेल तर 'स्लीप' वापरा. उघडलेल्या फायली जिथल्या तिथे राहतात आणि खर्च होतो दोन-तीन वॉट. वीस तासांच्या हिशेबाने महिन्याला एक-दोन युनिटं. कुठे ६०, कुठे २! लाइट जायची धास्ती असेल तर 'हायबरनेट' करा. सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं.

'स्क्रीन सेव्हर लावलाय ना!' स्क्रीन सेव्हर जन्माला आला तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून. विजेशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट तो स्क्रीन जागा ठेवतो.

'सारखा बंद-चालू केला की बिघडतो.' दिवसातून एकदा बंद केल्याने काहीही होत नाही. चोवीस तास धूळ ओढणारा पंखा मात्र लवकर कुरकुरायला लागतो. भिवंडीच्या हवेत सुताचा भुगा किती असतो, ते वेगळं सांगायला नको.

'ऑफिसमधून घरच्या मशीनवर लॉगिन करावं लागतं.' हे कारण खरं आहे. रोज लागत असेल तर चालू ठेवा, पण मॉनिटर तरी बंद करा. आठवड्यातून एकदाच लागत असेल तर बाकीचे सहा दिवस कशासाठी?

चालू ठेवणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. १९९९ ते २०२० या काळात जगभरातल्या लाखो लोकांनी 'सेटी ॲट होम' नावाच्या बर्कलीच्या प्रकल्पासाठी आपले रिकामे कॉम्प्युटर चालू ठेवले. अंतराळातून आलेल्या रेडिओ सिग्नलमध्ये कुणाची हाक ऐकू येते का, ते शोधायला. परग्रहावरचं कुणी भेटलं नाही, पण यंत्र काहीतरी विणत होतं. प्रश्न तोच आहे : तुमचं मशीन या क्षणी काही विणतंय का?

लॅपटॉपवाल्यांनी फार टेन्शन घेऊ नये. झाकण मिटलं की तो बहुधा आपणच झोपतो. गेमिंगचा भला मोठा डेस्कटॉप ठेवणाऱ्यांनी मात्र वरचे आकडे वाढवूनच धरावेत.

विश्वास नाही बसत? स्वतः मोजा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटमागे किती लुकलुक ते छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर तो आकडा ३२०० असतो. फ्रिजसकट घरातलं सगळं पाच मिनिटं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा आणि मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा. ३२०० चा मीटर असेल तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॉट. पाच वेळा लुकलुकला की समजा, शंभरचा धनी.

आणि शेवटचा, जरा नाजूक मुद्दा. आपल्याकडे मीटर बहुतेक वेळा बाबांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो. मोबाइलचा रिचार्ज आपण भरतो, बाइकचा हप्ता आपण भरतो, विजेचं बिल मात्र 'घरातून' भरलं जातं. म्हणून रात्री उठून पॅसेजचा दिवा बंद करणारा माणूस एक आणि आत सीपीयू चालू ठेवून झोपणारा दुसरा. 'लाइट बिल जास्त आलंय' हे वाक्य ज्या सुरात बाबा म्हणतात, त्यात ओरडा कमी आणि हिशेब जास्त असतो. पगारातून वजा झालेले ६०० रुपये कुठे गेले, हे त्यांना बिलावरून कळत नाही. तिथे फक्त आकडा असतो.

तेव्हा या महिन्यात एक करा. बिल आलं की बाबांच्या आधी तुम्ही उचला, तुम्हीच भरा, आणि वर छापलेली युनिटं लिहून ठेवा. पुढचा महिनाभर झोपताना मशीन बंद करा. मग पुढचं बिल त्यांच्या हातात द्या. काही बोलू नका. हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा चांगला येतो.