अहवाल नको, हुकूमनामा हवा

पोलिसांच्या जुलमाची चर्चा निघाली की आपल्याकडे एकच मागणी होते : चौकशी आयोग नेमा. आयोग बसतो, साक्षी होतात, जाडजूड अहवाल येतो आणि कपाटात जातो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली ९०० मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यांत ५७५ मुसलमान होते. पोलिसांवर नावानिशी ठपकाही ठेवला. पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. १९५२ च्या कायद्याप्रमाणे आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारकच नसते. म्हणूनच आम्हांला अमेरिकेतल्या एका कायद्याविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेचे नाव काढताच काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. इराक बेचिराख करणाऱ्या, ग्वांटानामोत माणसांना खटल्याविना कोंडणाऱ्या देशाकडून इन्साफ शिकायचा? सवाल रास्त आहे. पण हा कायदा तिथल्या राज्यकर्त्यांनी खैरात म्हणून वाटलेला नाही. त्याच्यामागे मार खाल्लेल्या माणसांचा इतिहास आहे.

१९७६ साली लॉस एंजेलिसमध्ये लायन्स नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार पोलिसांनी अडवली. कारण काय, तर मागचा दिवा जळत नव्हता. त्याचा गळा इतका आवळला की तो बेशुद्ध पडला. गळा आवळण्याच्या या प्रकारालाच मनाई करा, अशी फिर्याद घेऊन तो न्यायालयात गेला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुमचाच गळा पुन्हा आवळला जाईल हे तुम्ही दाखवू शकत नाही. भरपाई मागा, मनाईहुकूम मिळणार नाही. त्याच शहरात १९९१ साली पोलिसांनी रॉडनी किंग यांना झोडपले. त्याचे चित्रीकरण जगाने पाहिले. १९९२ साली ज्युरीने एकाही पोलिसाला दोषी ठरवले नाही तेव्हा शहर पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९९४ साली कायदा झाला.

या कायद्याचे मर्म एवढेच की, गुन्हा एका शिपायाचा न मानता खात्याची वहिवाट तपासायची. आम्ही शिक्षक मंडळी हे चटकन समजू शकतो. वर्गच्या वर्ग नापास होऊ लागला तर एका मुलाला छडी मारून भागत नाही. शिकवणे, वेळापत्रक, हजेरीपट सगळेच तपासावे लागते. केंद्राचे न्याय खाते शहराच्या पोलीस खात्याची झडती घेते, दोष आढळले तर शहरावर दावा लावते. बहुधा तडजोड होते आणि ती न्यायालयाच्या हुकूमनाम्यात उतरते. बळ कधी वापरायचे, तक्रार कोणी तपासायची, नोंदी कशा ठेवायच्या, सारे कलमवार. वर न्यायालयाने नेमलेला निरीक्षक. लॉस एंजेलिसचे पोलीस खाते २००१ पासून २०१३ पर्यंत अशा देखरेखीखाली होते.

२०१५ साली फर्ग्युसन शहराचा अहवाल आला. वस्तीत कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण अटक झालेल्यांत ९३ टक्के. पोलिसांचा दंड ही नगरपालिकेची कमाई झाली होती. आपल्याकडे असा अहवाल तिथेच संपला असता. तिथे शहर कबूल होईना तेव्हा केंद्राने दावा लावला आणि २०१६ साली हुकूमनामा झाला.

मात्र या कायद्याची दुखरी नस झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दावा लावण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे, मार खाणाऱ्याला नाही. जॉर्ज फ्लॉइड यांचा २०२० साली मिनीआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. न्याय खात्याने २०२३ साली तिथल्या पोलिसांवर वर्णभेदाचा ठपका ठेवला, जानेवारी २०२५ मध्ये करारनामा न्यायालयात दाखल केला. सरकार बदलले आणि मे महिन्यात त्याच खात्याने दावा मागे घेतला! मात्र मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने २०२३ साली राज्याच्या न्यायालयात करून घेतलेला स्वतंत्र करार या माघारीने रद्द झाला नाही. राज्यकर्त्यांच्या मर्जीवर टांगलेला हक्क हा हक्क नसतोच.

आपल्याकडे पोलीस हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे तो कायदा जसाच्या तसा आणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्रात त्याचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. त्यातही प्राधिकरणापुढे जाते ती एकेका पोलिसाविरुद्धची तक्रार. खात्याची वहिवाट तपासणार कोण?

म्हणून आमच्या संघटनांना आमचे सांगणे आहे की, पुढचे निवेदन लिहाल तेव्हा आणखी एक आयोग मागू नका. कोणाला अडवले, कोणाला अटक केली, याचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करा असे मागा. सुधारणेची मुदत न्यायालयाने घालावी, निरीक्षक त्यानेच नेमावा आणि अहवाल लोकांसमोर ठेवावा असे मागा. आणि सरकार माघार घेईल तेव्हा न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क ज्याच्या पाठीवर वळ उठले आहेत त्याच्या हाती द्या, हे सर्वांत आधी मागा.