लोकरीच्या सपाता

‘सपाता’ म्हटले की आमच्या वर्गातल्या मुली एकमेकींकडे पाहू लागतात. ‘स्लिपर’ म्हटले की उलगडा होतो. वहाणा बाहेरच्या, खडावा बुवांच्या आणि सपाता घरातल्या, अशी चोख व्यवस्था लावून ठेवणाऱ्या भाषेला पायांची काळजी होती, असेच म्हटले पाहिजे. यंदाच्या थंडीआधी मी लोकरीच्या सपाता विणल्या. त्यांची ही हकीकत, आणि कृतीही.

माझ्या सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या. मधुमेहाने त्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे. खडा रुतला तरी कळत नाही. डॉक्टरांनी बजावले, “आजी, घरातसुद्धा अनवाणी फिरायचे नाही.” तिथे त्यांनी मान डोलावली आणि घरी येताच मला सांगितले, “देवघराच्या घरात मी चपला घालून वावरू? मला नाही जमायचे.” हे हसले. मला हसू आले नाही. अशा पायाला झालेली जखम वेळेवर दिसली नाही तर काय होते, ते आमच्याच आळीत मी पाहिले आहे.

वाद घालून सासू जिंकता येत नाही, हे कळायला एम. ए. व्हावे लागत नाही. मी त्यांच्याच शास्त्रातून वाट काढली.

“आई, धाबळीला विटाळ नाही ना?”

“लोकरीला कसला गं विटाळ!”

“मग लोकरीच्या सपाता केल्या तर?”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “कातडे लावायचे नाही हो.”

बाजारात लोकर म्हणून मिळते ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असते. मी चिठ्ठी वाचून खरी लोकर आणली. इथे प्रश्न उबेचा नव्हता, दिलेल्या शब्दाचा होता.

‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंच भाषेत लहानसा आकडा. नाव परके राहिले, पण साखळी, खांब, मुका खांब ही सारी परिभाषा आपल्या बायकांनी मराठीच केली. सपातांना मुका खांबच बरा. वीण दाट येते.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय कागदावर आखावे. डावा-उजवा अगदी सारखा क्वचितच असतो. चारपदरी लोकर दुहेरी घेऊन 5 मिलिमीटरच्या सुईने बोटांकडून सुरुवात करावी. कडीत 8 मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 16. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवून 24. पायाच्या घेराप्रमाणे आणखी चार-सहा टाके वाढवावे आणि मग न वाढवता पायाच्या उंचवट्यापर्यंत गोल विणत यावे. तिथे वरचे 8 टाके सोडून उरलेल्यांवर उलटसुलट ओळी घालत टाच गाठावी. मागच्या कडा जुळवून शिवाव्या आणि तोंडाभोवती मुक्या खांबांची एक फेरी घालावी.

लोकर वापरून सैल होते, म्हणून एरवी लांबी अर्धा इंच कमी ठेवतात. मी मापाबरहुकूम ठेवली. बधिर पायाला घट्ट होते आहे हे कळणारच नाही. गाठी आणि शिवण त्याच कारणाने बाहेरच्या बाजूला घेतल्या. हल्लीच्या गुळगुळीत लाद्यांवर नुसती लोकर घसरते, आणि म्हातारपणी पडणे म्हणजे दुसरेच संकट. तेव्हा खाली रबरी तळ लावला: कडेने भोके पाडून घेतली आणि जाड दोऱ्याने पक्का शिवला.

डॉक्टरांना सपाता दाखवल्या. त्यांनी तळ दाबून पाहिला, पसंतीची मान हलवली आणि दोन कामे जोडून दिली: घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काडी नाही ना हे पाहायचे, आणि रोज तळपाय तपासायचे. त्यांना स्वतःला वाकून दिसत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आले. एवढी वर्षे ते पाय मी सणावारी नमस्कारापुरते पाहत होते. आता रोज संध्याकाळी दिव्याजवळ बसून बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पाहते, आणि तेवढ्या वेळात सासूबाई मला माहेरच्या गोष्टी सांगतात.

परवा शेजारच्या आजी सपाता बघायला आल्या होत्या. मी आत चहा टाकत होते. बाहेरून आवाज आला, “सून प्रोफेसर आहे हो आमची, पण हाताने कामाची आहे.”

दुसऱ्या जोडाचे माप दुसऱ्याच दिवशी घरपोच आले!